बोटीतली अकरावी

१

बोटीत अकरा माणसं होती. सकाळी मोजली तर दहा.

अकराव्या माणसाचे केस होते, डोक्यावरचा निळा रुमाल होता, फक्त चेहरा नव्हता. त्या जागी बशीएवढा राखाडी गोल दिसत होता. पोहण्याच्या तलावाच्या लांब भिंतीवर काचेच्या रंगीत तुकड्यांची ही बोट तेहतीस वर्षं आहे. अख्खं शहर नाकातोंडात पाणी घेत, तिच्याकडे बघत पोहायला शिकलंय. तलाव वर्षातून एकदा आठवडाभर रिकामा करून धुतात. उद्या तो पुन्हा उघडायचा होता, आणि आज सफाईवाल्या ताईंनी दार उघडलं तर ही गत.

मला बोलावणं आलं नऊ वाजता. मी गोंद विकते. पांढरा गोंद, फरशीचा मसाला, इपॉक्सी, सिलिकॉनच्या नळ्या, एका वस्तूला दुसरीशी धरून ठेवणारं जे जे म्हणून असतं ते माझ्या दुकानात मिळतं. लोक मला डिंकमावशी म्हणतात. तोंडानं मी फटकळ आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणाची तक्रार नको.

तलावाचे व्यवस्थापकसाहेब दारातच उभे होते. बसा नाही, पाणी नाही, त्यांनी माझ्यापुढे एक रिकामी पिशवी धरली. तिच्यावर माझ्याच दुकानाचा शिक्का. मागच्या महिन्यात बोटीच्या तळाशी वीसेक तुकडे ढिले झाले होते, ते या मसाल्यानं पुन्हा बसवले होते. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. एक तर मसाला कच्चा, नाही तर बसवणारीचा हात कच्चा. बसवणारी म्हणजे आबांची सून.

ती भिंतीजवळ उभी होती. हातात टाइप केलेला एक कागद आणि पेन. माझ्याकडे एकदा बघून तिनं मान खाली घातली, आणि मला कळलं की ही पोरगी सही करणार.

२

आबा म्हणजे ती बोट ज्यांनी घडवली ते कारागीर. आता पंचाहत्तरी पार केलेले, हात कापायला लागलेले. मुलगा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असतो, त्याला काचेत कधी रस नव्हता. कारखाना सांभाळते ती सून. आबांनी तिला स्वतः शिकवलं, आणि खरं सांगते, ती त्यांच्या वरताण निघाली.

आता कागदाचं. नव्या रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीवर मोझेक करायचं काम निघालं होतं. तीन माणसं उंच आणि रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. असं काम आयुष्यात एकदा येतं. ते कोणाला द्यायचं हे जी समिती ठरवणार होती तीच या तलावाचीही मालक, आणि तिची बैठक आजच पाच वाजता होती. कागदावर लिहिलं होतं की दुरुस्तीत चुकीचा गोंद वापरल्यामुळे वरचा चेहरा निखळला आणि चूक सही करणारीची आहे. सही केली की रुग्णालयाची भिंत गेली, आणि पुढे कोणी तिच्या हाती न्हाणीघराचा कोपराही दिला नसता.

मी तिला बाजूला घेऊन झापलं. तुला खरंच वाटतं का तुझी चूक आहे म्हणून. ती म्हणाली, माहीत नाही. तळाच्या तुकड्यांच्या आणि चेहऱ्याच्या मधे हातभरच अंतर आहे, कदाचित मसाला वाळायच्या आत ओल वर चढली असेल. रात्रभर विचार करकरून माणूस जसा स्वतःवरच संशय घेतो, तसं तिचं एका सकाळीत झालं होतं.

"आबांना विचारलंस?"

"त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, मावशी. डॉक्टरांनी बजावलंय, धक्का नको. कालपासून जेवलेही नाहीत, पोट बिघडलंय म्हणून खोलीचं दार लावून बसलेत. मी सही करते, विषय संपवते."

तेवढ्यात फरशीवाला आला. रुग्णालयाच्या कामाला दुसरा उमेदवार हाच. न्हाणीघरं, स्वयंपाकघरं, अर्ध्या शहराच्या फरश्या यानंच बसवल्यात, आणि माणूस कामाला वाईट नाही हे मलाही मान्य. त्यानं गोलाकडे बघून मान हलवली आणि ओलीच्या जागी इपॉक्सीशिवाय दुसरं काही वापरूच नये असं आम्हा सगळ्यांना समजावलं. चेहरा काढून त्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला असता, म्हणून मी त्याला काल कुठे होतास ते विचारून घेतलं. बहिणीकडे साखरपुड्याला होता, सत्तर माणसांच्या देखत नाचत होता. साहेबांनीच हसत साक्ष दिली, कारण तेही तिथेच होते.

मग काल तलावात होतं कोण? साहेब म्हणाले, कोणी नाही, फक्त आबा. दरवर्षी तलाव रिकामा असताना ते एक दिवस एकटे येतात, भिंत ठोकून बघतात, आणि संध्याकाळी किल्ली तिकीटखिडकीत ठेवून जातात. म्हाताऱ्याचं समाधान, आपण कशाला अडवा. आणि ज्यानं भिंत केली तो ती कशाला बिघडवेल, असंही ते म्हणाले. मला ते पटलं. तेव्हा पटलं.

३

मी शिडी मागवली. साठीला आलेली बाई शिडीवर चढते म्हटल्यावर साहेबांचा चेहरा पडला, पण मी ऐकते थोडीच.

आधी खाली बघून घेतलं होतं. भिंतीच्या पायाशी पाणी जायला नाली आहे आणि तुकडे तिच्यात गेले असं साहेब धरून चालले होते. नालीवरच्या जाळीची भोकं पेन्सिलीच्या टोकाएवढी. काचेचा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा. एकही त्यातून जाणार नाही. सफाईवाल्या ताई शपथेवर सांगत होत्या की जमिनीवर काचेची कपचीसुद्धा नव्हती. म्हणजे चेहरा पडला नव्हता. पडलेली वस्तू कुठेतरी पडून असते.

मग काढला असेल तर कसा? इथे माझं पस्तीस वर्षांचं दुकान कामाला आलं. बाकीची बोट सिमेंटच्या मसाल्यात बसलेली आहे. त्यातून तुकडा काढायचा तर छिन्नी-हातोडी लागते, आणि शेजारचे चार तुकडे तडकतातच. इथे रुमालाचा एकही निळा तुकडा दुखावला नव्हता. इपॉक्सी असतं तर काचेआधी भिंत फुटली असती. आणि पांढरा गोंद पाण्यानं सुटतो खरा, पण तलावाच्या वाफेत तो आठवडाही तग धरत नाही. मग असा कुठला गोंद आहे जो पाण्याच्या वाफेत टिकतो, आणि तरी सबंध चेहरा अलगद हातात देतो?

मी गोलाच्या कडेवरून नख फिरवलं. नखाशी पांढरट, रबरासारखा धागा आला. ताणला तर ताणला गेला, सोडला तर आखडला. सिलिकॉन. मागून बारीक तार ओढत नेली की लोण्यासारखं कापलं जातं. सुनेला मी धागा दाखवला. ती म्हणाली की आमच्या कारखान्यात भिंतीला सिलिकॉन कोणी लावतच नाही, आबा ओरडतात. पण तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. तिच्या हातून हे झालं नव्हतं.

इतक्यावर मी उतरायला हवं होतं. पण हात सवयीनं त्या राखाडी गोलावर गेला, आणि तिथेच थांबला. गिलावा सपाट नव्हता. मधोमध खोलगट होता, वाटीच्या तळासारखा, आणि बोटाला गुळगुळीत लागत होता. सिलिकॉनवर पुन्हा काही चिकटत नाही, त्यामुळे नवं लावायचं तर जुनं मुळापासून खरवडावं लागतं. एकदा खरवडून भिंतीला वाटी पडत नाही. दहादा खरवडूनही नाही.

हा चेहरा काल पहिल्यांदा निघाला नव्हता. तो कितीतरी वेळा निघाला होता, आणि कितीतरी वेळा परत आला होता. 

४

सफाईवाल्या ताईंना मी एकच गोष्ट विचारली. रिकाम्या तलावाला कधी आंबूस वास येतो का? त्या म्हणाल्या, येतो की, दरवर्षी याच आठवड्यात एक दिवस, व्हिनेगरची बाटली सांडल्यासारखा. त्यांना वाटायचं फिनाइल बदललंय. सिलिकॉन वाळताना नेमका तोच वास सोडतं. तो यायचा आबा येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

आणि मग मला माझंच हसू आलं, म्हणजे रडू आलं म्हटलं तरी चालेल. दरवर्षी आबा माझ्याकडून सिलिकॉनची एक नळी न्यायचे. एकच. मी दर वेळी चिडवायची, आबा, तुमचं बेसिन माझ्या नाकापेक्षा जास्त गळतं. ते हसून पिशवीत टाकायचे. जगाला गोंद कशाला हवा ते विचारते मी, आणि या माणसाला एकदाही धड विचारलं नाही.

पण का? स्वतःच्या भिंतीतला एक चेहरा माणूस दरवर्षी काढतो आणि परत लावतो, ते कशासाठी?

साहेबांच्या खोलीत पोहण्याच्या स्पर्धांचे फोटो लावलेत, वर्षावर्षाचे, चौकटीत. पुढे ओली पोरं चषक घेऊन उभी, मागे भिंत. मी चष्मा पुसून सगळ्यात जुन्या फोटोपाशी गेले. बोटीतल्या दोघांच्या खांद्यांमधून निळ्या रुमालातली एक लहान मुलगी डोकावत होती, पुढचे दोन दात पडलेली. मी तिला ओळखलं. आबांचा हात धरून दुकानात यायची आणि डिंकाच्या बरणीत बोट घालायची. सातव्या वर्षी तापानं गेली. भिंत त्याच वर्षीची.

पुढच्या एका फोटोत त्याच रुमालात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती, हनुवटी वर केलेली, कोणाचं न ऐकणारी. त्याच्या पुढे पंचविशीतली तरुणी. दाराजवळचा फोटो गेल्या वर्षीचा, त्यात एक भरल्या अंगाची बाई शांतपणे पाण्याकडे बघत होती आणि तिच्या कानशिलाशी दोन तुकडे करड्या काचेचे होते.

 आम्ही सगळे रोज तिच्यासमोर पोहत होतो. ती आमच्या डोळ्यांदेखत मोठी झाली, आणि कोणाला पत्ता लागला नाही, कारण ती आपली पोरं वाढतात तशीच वाढली. एका वर्षात एकाच वर्षानं.

५

दुपारी दोन वाजता मी सुनेला घेऊन तिच्या घरी गेले. वाटेत ती सतत म्हणत होती, त्यांना ताण नको, मावशी. मी दार वाजवलं आणि म्हटलं, "आबा, मी तिला ओळखलं. दार उघडा."

 आतून कडी निघाली.

पलंगाखाली सासूबाईंच्या वस्तूंची म्हणून एक मोठी पेटी होती, सुनेनं तिला कधी हात लावला नव्हता. ती आज उघडी होती. आत कापडात गुंडाळलेले, बशीएवढे, काचेचे चेहरे होते. आबांनी ते एकेक करून पलंगावर मांडले. आठ वर्षांची, नऊ, दहा. बाराव्या वर्षी केस कापलेले, कारण तिच्या मैत्रिणींनी तेव्हा कापले होते. एकविसाव्या वर्षी डोळ्यांखाली काळं, कारण त्या वर्षी परीक्षा असत्या. पलंग संपला तेव्हा त्यांनी उरलेले जमिनीवर मांडले. एकोणचाळिसाव्यापर्यंत तेहतीस. सातव्या वर्षीचा मात्र एका डबीत, नुसते फुटके तुकडे.

तो मसाल्यात पक्का बसवला होता, ते म्हणाले. वर्षभरानं तिच्या वाढदिवसाला भिंत बघायला गेलो. तिच्या वर्गातल्या पोरी तिथे पोहत होत्या, सगळ्या हातभर उंच झालेल्या, आणि ही तेवढी सातचीच. मला ते बघवलं नाही. छिन्नीनं फोडून काढला. तेव्हा ठरवलं की पुन्हा तिला पक्कं म्हणून बसवायचं नाही, वर्षभर धरेल आणि मग सोडेल असाच गोंद घ्यायचा.

मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आले की कायम टिकेल तोच गोंद खरा.  सून जमिनीवर बसली होती. लग्न होऊन अकरा वर्षं झाली, नणंद लहानपणीच वारली एवढंच तिला माहीत होतं. आता ती नणंदेच्या एकेका वर्षावरून हलकेच बोट फिरवत होती.

"मग काल काय झालं, आबा?"

त्यांनी टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे चौतिसावा चेहरा होता, चाळिसाव्या वर्षीचा. काल जुना काढला, हा लावला, मागे सरकून पाहिलं, आणि लगेच उतरवला.

"ही ती नाही. हात कापतो, डोळ्यांना दिसत नाही. ही कोणीतरी दुसरीच बाई झाली," ते म्हणाले. "आणि जुनी परत कशी लावू? चाळीस पूर्ण झालेल्या पोरीला एकोणचाळीसची म्हणायचं?"

सून उठली. तिनं तो चेहरा खिडकीपाशी नेला आणि बघत राहिली. गेली सहा वर्षं त्या भिंतीची दुरुस्ती तीच करत होती, त्या चेहऱ्याखाली तासन् तास काढले होते. तिनं टेबलावरचा चिमटा उचलला, भुवईचा एक तुकडा उचकटला, ओठाच्या कडेचे दोन. डब्यांतून दुसरे निवडले, कापले, इपॉक्सीच्या थेंबावर ठेवले. तीन तुकडे, बस. चेहरा तिनं आबांसमोर धरला.

आबांनी तो दोन्ही हातांत घेतला. मग ते म्हणाले, "आली."

आम्ही तिघंही रडलो, लपवायचं काय त्यात. आणि मग माझ्या फटकळ तोंडानं घात केला. मी बोलून गेले की आता पाच वाजता त्या कागदाचे तुकडे करून साहेबांच्या हातात देते. सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. पण आबांनी विचारलं, कुठला कागद, आणि सगळं ऐकून घेतल्यावर खुंटीवरचा शर्ट काढला.

६

समितीचं टेबल लांबलचक आहे. पाच वाजता आबांनी त्यावर टोकापासून ते बशीएवढे चेहरे मांडायला घेतले तेव्हा अध्यक्षबाई काहीतरी बोलणार होत्या. दहाव्या चेहऱ्यापर्यंत त्या उभ्या राहिल्या होत्या.

मी जे सांगायचं ते थोडक्यात सांगितलं. नाली, तार, वाटी पडलेली भिंत, वास. दुरुस्तीचा मसाला जागच्या जागी घट्ट आहे आणि चेहऱ्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. कोणी ऐकत होतं असं वाटत नाही. साहेब टेबलाच्या कडेनं हळूहळू चालत होते. एकविसाव्या वर्षापाशी ते थांबले आणि म्हणाले, मी इथे नोकरीला लागलो ते हिच्यासमोर.  फरशीवाल्यानं पायातले जोडे काढून ठेवले होते, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

शेवटी तोच पहिला बोलला, आणि मनापासून बोलला. आता हा नवा चेहरा इपॉक्सीनं बसवा, मी फुकट देतो, शंभर वर्षं हलणार नाही. आबांनीही मान डोलावली. सुनेकडे न बघता ते म्हणाले, "पक्कीच बसव आता. पुढच्या वर्षी मी असेन, नसेन."

अध्यक्षबाईंनी सुनेला विचारलं. रुग्णालयाच्या भिंतीचा निर्णय अजून व्हायचा होता आणि त्या तिची परीक्षा घेत होत्या हे सगळ्यांना दिसत होतं. चेहरा तू बसवणार. गोंद कोणता?

"सिलिकॉन."

फरशीवाला कळवळून म्हणाला, अगं, ते वर्षभरानं सोडतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, तो म्हणतोय ते खरं आहे का?

"खरं आहे," ती म्हणाली. सकाळी कागद धरून मान खाली घालणारी पोरगी ती हीच यावर माझा विश्वास बसेना. "रुग्णालयाची भिंत मला दिलीत तर ती मी अशी बसवीन की तुमची नातवंडं ती बघतील. पण इथे मला वर्षभरच हवंय. पुढच्या वर्षी वन्सं एक्केचाळीसच्या होतील."

 अध्यक्षबाईंनी समितीच्या बाकीच्यांकडे पाहिलं, कोणी हात वर करायची गरज पडली नाही. रुग्णालयाची भिंत तुझी, एवढंच त्या म्हणाल्या. फरशीवाल्यानं सगळ्यात आधी मान डोलावली.

आबा मान खाली घालून बसले होते. थोड्या वेळानं ते सुनेला हळूच काहीतरी सांगायला लागले, काम शिकवताना सांगायचे त्याच आवाजात. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं.

"पंचेचाळिशीनंतर ओठाच्या कडेला एक रेघ यायला लागेल. डावीकडची आधी घे. तिच्या आईला डावीकडेच आधी आली होती."

"बरं, आबा," ती म्हणाली, आणि लिहून घेतलं.